कुत्र्यांचा पोळा

त्या सकाळी तांबुळग्यात एकसष्ट कुत्री होती. वरच्या गल्लीत तेवीस, पाण्याच्या टाकीपाशी एकोणीस, एसटीच्या फाट्यावर संगप्पाच्या हॉटेलाभोवती चौदा आणि शाळेच्या व्हरांड्यात पाच. त्यांतली नऊ पिल्लं. तीन लंगडी. एकाचा कान अर्धा गेलेला.

उज्वला दिवस उगवायच्या आत निघाली होती, कारण ऊन चढलं की कुत्री ट्रॅक्टरखाली, नालीत, गोठ्यात जाऊन पडतात आणि मोजायला सापडत नाहीत. एक कुत्रं दिसलं की एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात. त्यासाठी तिनं बापाचा जुना, दोन खिशांचा सदरा अंगात घातला होता. एक गल्ली एकदाच चालायची, मागं वळायचं नाही, मागून पळत आलेलं कुत्रं पुन्हा धरायचं नाही, असे तिचे नियम होते.

संगप्पा भट्टी पेटवत होता. त्यानं विचारलं, "काय हरवलं गं उज्वे?"

"काही न्हाई, काका. कुत्री मोजून राहिले."

"बीएस्सी करून?"

"हाव."

संगप्पानं फुंकणी बाजूला ठेवली. "मंग आमचं थोरलं पोरगं बी धर त्यात. तेबी रातभर हिंडतंय आन् सकाळी दारात येऊन पडतंय."

उज्वला हसली, पण चिंचोका हलवला नाही.

हे सगळं ज्येष्ठात सुरू झालं होतं. मुखेडच्या अंगानं एक पिसाळलेलं कुत्रं गावात आलं. त्यानं पार्वतीबाईच्या नवऱ्याला, गुंडप्पाला, आणि तिच्या म्हशीच्या वगारीला चावा घेतला. गुंडप्पानं तालुक्याला जाऊन सगळ्या सुया घेतल्या आणि तो बरा होता. वगार मात्र पाणी पाहिलं की थरथरायला लागली, दोराला हिसके देऊ लागली आणि तोंडातून लाळ गाळत मेली. पार्वतीबाई तिच्या खुंट्यापाशी दोन दिवस गेली नाही.

त्यानंतरच्या ग्रामसभेत सरपंच महादेवप्पा म्हणाले, "आपला सोयाबीनचा टेम्पो हाय. गावातली सगळी कुत्री भरायची आन् देगलूरच्या पल्याड सोडून यायची. विषय संपला."

बायकांच्या घोळक्यातून उज्वला उभी राहिली. आजवर ती सभेत बोललेली नव्हती. "आप्पा, ही नेली तर रिकाम्या जागी दुसरी येत्यात. त्यांना सुई दिलेली हाय का न्हाई, कुणाला ठावं? आन् असं सोडून येणं कायद्यात बी बसत न्हाई."

माना वळल्या. महादेवप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. "मंग काय करावं म्हणतीस?"

"शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस दिली तर रोग गावात टिकत न्हाई. एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडं जायचं तर त्याला तसं कुत्रं भेटाया पायजे. ते भेटतच न्हाई."

"आन् सत्तर झाली हे कळायचं कसं?"

"मोजून."

कुणीतरी मागून भुंकून दाखवलं. सगळी सभा हसली. उज्वलाच्या कानाच्या पाळ्या तापल्या, पण ती खाली बसली नाही. शेवटी महादेवप्पा म्हणाले, "बरं. पोळ्यापत्तोर मुदत. पोळ्याच्या सांजंला चावडीपुढं आकडा सांगायचा. सत्तर भरली तर टेम्पो दारातच उभा. न्हाई भरली तर करीच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो निघाला."

घरी आल्यावर तिच्या आईनं, साखराबाईनं, परातीत पीठ घेतलं आणि ते मळताना जरा जास्तच आपटलं. "तुला बोलाय कुणी सांगितलं होतं? आता सुंद्री गेली म्हंजे?"

सुंद्री ही त्यांची कुत्री. तांबूस, कपाळावर पांढरा पट्टा. तिचा मुक्काम गावात नसे, शेतातल्या आखाड्यावर, बैलांच्या छपरापाशी असे. उज्वलाचा बाप भुजंग रात्री तिथंच झोपायचा आणि सुंद्री भुईमुगाच्या बांधावर. मागच्या वर्षी ती बाळंत होती तेवढ्या आठवड्यात रानडुकरांनी अर्धा तुकडा उकरून टाकला होता. त्यानंतर भुजंग तिला स्वतःच्या भाकरीतली भाकर द्यायचा. गावात कुणाकडं जाऊन बसणं त्याला जमत नसे. सुंद्रीशी मात्र तो बोलायचा.

"न्हाई जात सुंद्री," उज्वला म्हणाली. "तिला पहिली सुई."

भुजंग जेवत होता. तो म्हणाला, "पोरगी म्हणती तर मोजू दे." त्या दिवसात त्याचं एवढंच बोलणं झालं.

पोळ्याच्या दोन दिवस आधी उदगीरहून जनावरांच्या डॉक्टर जाहिदा आल्या. जीपमध्ये बर्फाची पेटी, लांब दांडीची जाळी आणि जाळीवाले जिलानीभाई. जाहिदा उज्वलापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. ओढणी कमरेला घट्ट बांधून त्यांनी बाह्या वर केल्या आणि विचारलं, "किती आहेत?"

"एकसष्ट."

"मोजलीत की विचारलीत?"

"मोजली."

जाहिदांनी तिच्याकडं एकदा नीट पाहिलं. "चला मग."

त्या दिवशी भुजंग आणि साखराबाई मुगावर होते. शेंगा काळ्या पडल्या होत्या, आभाळ भरून येत होतं, आणि एक सर पडली असती तर शेंगेतच कोंब फुटले असते. वाकून वाकून साखराबाईची पाठ आखडली होती. तोडणीला दुसरं माणूस मिळत नव्हतं. पहाटे निघताना उज्वलानं बापाला बजावून सांगितलं होतं, "बापू, दुपारच्या आत सुंद्रीला दोरीनं घेऊन या. इसरू नका." भुजंगनं मान हलवली होती.

जिलानीभाई जाळी टाकायचे ती हवेत उलगडायची आणि कुत्र्यावर पडायची. मग ते हळूच म्हणायचे, "बस, बस, राजा. कुछ नहीं होता. एक डास चावला समज." तेवढ्यात जाहिदांची सुई आत जाऊन बाहेर आलेली असे. उज्वलाकडं निळी मेणाची कांडी होती. मेंढरांच्या अंगावर खूण करतात तसली. कपाळावर एक रेघ, पाठीवर एक रेघ. हा रंग पाण्यानं उतरत नव्हता.

टाकीपाशी एक काळं, जाडजूड कुत्रं होतं. सगळी त्याला कलेक्टर म्हणत, कारण ते कुणाच्याही दारात जाऊन बसे आणि काहीतरी घेतल्याशिवाय उठत नसे. ते तीनदा जाळीतून निसटलं. चौथ्यांदा धरलं तेव्हा जिलानीभाईंच्या विजारीचा पाय गुडघ्यापर्यंत फाटला.

"साहेब लई तापट हायेत," जिलानीभाई म्हणाले. "ह्यांच्यावर दोन रेघा मारा ताई. लांबून दिसल्या पायजेत."

पेटी बंद केली तेव्हा अठ्ठेचाळीस सुया झाल्या होत्या. उज्वलानं तोंडी भागाकार केला. एकसष्टातली अठ्ठेचाळीस म्हणजे शंभरात अठ्ठ्याहत्तर. तिला हॉटेलापासून घरापर्यंत पळत जावंसं वाटत होतं.

"आता मोजणी," जाहिदा म्हणाल्या. "किती सुया दिल्या हे नका सांगू गावाला. किती कुत्र्यांवर खूण दिसते ते सांगा. कधी करता?"

"पोळ्याला. त्या दिवशी सगळं गाव घरी असतं. एक बी कुत्रं सुटणार न्हाई."

जाहिदांनी मान डोलावली. दोघींच्याही काही लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी खांदमळणी होती. संध्याकाळी भुजंगनं बैलांच्या खांद्याला लोणी आणि हळद चोळली. जिथं जू घासतं तिथली कातडी जाड आणि काळी झालेली होती, तिथं तो अंगठ्यानं हळूहळू दाबत राहिला. बैल डोळे मिटून उभे होते. त्यांच्या पायाशी सुंद्री बसली होती. कपाळावर निळी रेघ, पाठीवर निळी रेघ.

उज्वला थांबली. "हिला कवा आणली होती, बापू?"

भुजंगनं बैलाच्या खांद्यावरून मान वर केली नाही. "तू वरच्या गल्लीत होतीस तवा."

"मी रेघ मारलेली आठवत न्हाई."

"त्या जाळीवाल्यानं मारली."

उज्वलानं सुंद्रीला हाक मारली आणि आत जाऊन डाळ निवडायला बसली. साखराबाई तिच्याकडं पाठ करून चुलीत काड्या सारत होती.

पोळ्याच्या सकाळी ओढ्यावर बैल धुतले जात होते. नंतर शिंगांना वार्निश, अंगावर वाटीच्या काठानं उठवलेले लाल आणि निळे गोल, गळ्यात घुंगरमाळा. घराघरातून पुरणाचा वास येत होता. मुगाची पोती घरात आलेली होती, त्यामुळं बायकांच्या चालण्यात सुद्धा फरक पडला होता.

उज्वला सदरा घालून निघाली. आज उजव्या खिशातले चिंचोके दोन ठिकाणी जायचे होते. खुणेचं कुत्रं डाव्या खिशात, बिनखुणेचं कमरेच्या पिशवीत. वरच्या गल्लीतच डावा खिसा जड झाला. जिकडं बघावं तिकडं निळं. एका उंबऱ्यावर तीन कुत्री, तिन्ही निळी. गुंडप्पाच्या गाडीमागून एक आलं, तेही निळं. तिची पावलं भरभर पडायला लागली. फाट्यावर संगप्पानं विचारलं, "भरली का सत्तर?" ती म्हणाली, "लई वर गेलं, काका," आणि त्यानं तिला फुकट चहा दिला.

घरी ओसरीवर बसून तिनं दोन्ही ढीग मोजले. निळी सदुसष्ट. बिनखुणेची सोळा. एकूण त्र्याऐंशी.

तिनं पुन्हा मोजले. सदुसष्टच.

एकसष्ट कुत्र्यांची त्र्याऐंशी कशी झाली ते लगेच कळलं. बैल घरी आले होते आणि बैलांमागं आखाड्यावरची कुत्री आली होती. ती तिनं आधी मोजलीच नव्हती. तिनं गाव मोजलं होतं, शिवार नाही. म्हणजे भागाकारातली खालची संख्या चुकली होती. हे चुकीचं होतं, पण समजण्यासारखं होतं. वरची संख्या समजण्यासारखी नव्हती. सुया अठ्ठेचाळीस होत्या.

तेवढ्यात सुंद्री आली आणि पोळीच्या वासानं तिच्या कुशीत डोकं घालू लागली. उज्वलानं तिला बाजूला केलं तेव्हा सदऱ्याच्या बाहीवर निळा डाग उमटलेला दिसला. तिनं बोट ओलं करून सुंद्रीच्या कपाळावरून फिरवलं. बोट निळं झालं. मेणाची कांडी अशी सुटत नाही. तिनं बोट नाकाशी नेलं. कपड्यांना घालायची नीळ.

"माय," तिनं हाक मारली.

साखराबाई पोळपाटावरून उठली नाही. "कालवली मी. लावली तुझ्या बापानं."

भुजंग दारात उभा होता. हातात बैलाची झूल होती. "ती डुकरामागं नाल्यात गेली होती गं. हाका मारून घसा बसला. आली तवा जीप गेलती." त्यानं झूल खांद्यावर टाकली. "मूग बी सोडता येईना. आभाळ तर असं आलतं."

"मला सांगायचं होतं."

"तू लई खुशीत होतीस."

उज्वलानं बोट सदऱ्याला पुसलं. गावात अजून कुणाकुणाच्या दिवळीत नीळ कालवलेली वाटी असेल, हे तिला दिसायला लागलं होतं. सगळ्यांनी तेच केलं होतं. बैलांना गोल उठवता उठवता उरलेल्या निळीत बोट बुडवून आपापल्या कुत्र्याला दोन रेघा. काहींनी टेम्पोच्या भीतीनं, काहींनी सणाचं रंगवायचंच आहे म्हणून.

"त्र्याऐंशीत सदुसष्ट म्हंजे किती होत्यात?" साखराबाईनं हळूच विचारलं.

"ऐंशी."

"मंग झालं की. कुणाला काय कळतंय?"

"मला कळतंय, माय."

साखराबाईनं पोळी तव्यावर टाकली. ती एका बाजूनं जरा करपली.

संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढं बैल उभे राहिले. तोरण तुटलं, हलगी वाजली, बैल आपापल्या घराकडं वळले, आणि माणसं चावडीपुढं रेंगाळली. अजून उजेड होता. महादेवप्पांनी नवा फेटा बांधला होता आणि त्यांचा मूड चांगला होता.

"हं, बीएस्सीबाई. सांगा."

"त्र्याऐंशी कुत्री दिसली," उज्वला म्हणाली. "खुणेची सदुसष्ट."

"म्हंजे?"

"शंभरात ऐंशी."

टाळ्या पडल्या. कुणी शिट्टी मारली. महादेवप्पा हात वर करून म्हणाले, "चला, टेम्पो वाचला आपला. डिझेल वाचलं."

"पर आप्पा, सुया अठ्ठेचाळीसच दिल्यात."

टाळ्या जिथल्या तिथं थांबल्या.

"म्हंजे निदान एकोणीस कुत्र्यांच्या रेघा घरच्या हायेत. निळीच्या. खरा आकडा शंभरात अठ्ठावन्न." तिनं गर्दीकडं तोंड केलं. "त्या एकोणीसात एक आमचं हाय."

महादेवप्पांनी फेटा जरा मागं सारला. "अठ्ठावन्न म्हंजे सत्तर न्हवं."

"न्हवं."

"मंग परवा टेम्पो."

"ऐंशीच सांगायचं होतं की पोरी," मागून कुणीतरी म्हणालं. "सणासुदीचं."

गर्दीतून भुजंग पुढं आला. बैल बांधून तो तसाच आला होता, पायाला चिखल होता. हातात दोरी आणि दोरीला सुंद्री. एवढ्या माणसांत तो कधी बोललेला कुणाला आठवत नव्हतं. "आप्पा, टेम्पो भरायचा तर पहिली ही भरा. माझीच लबाडी हाय. पोरीला ठावं नव्हतं." मग त्यानं खांद्यावरचं उपरणं काढलं, चावडीच्या रांजणात बुडवलं आणि बायकोकडं दिलं. "पूस."

सगळ्यांसमोर साखराबाईनं खाली बसून सुंद्रीचं कपाळ पुसलं. उपरणं निळं झालं. तिनं ते उचलून दाखवलंही नाही, तरी सगळ्यांना दिसलं. सुंद्रीनं तिचा हात चाटला. कुणी हसलं नाही. उज्वला बापाच्या पायांकडं बघत राहिली.

मग गुंडप्पा खाकरला. "आमचं बी पुसा. न्हाईतर भुजंगा एकटाच पडायचा." त्याच्यामागून पार्वतीबाई म्हणाली, "मी तर तवाच म्हणलं होतं, नीळ नका लावू, त्याला खरीच सुई द्या. माझी वगार गेली, मला इचारा." आणि मग तिनं आवाज चढवला. "आन् आप्पा, तुमच्या टायगरला बी पुसा की जरा. लईच चमकून राहिलाय."

टायगर महादेवप्पांच्या खुर्चीखाली झोपला होता. लठ्ठ, पट्टा घातलेला, निळ्या दोन रेघांचा.

"त्याला डॉक्टरीणबाईंनी सोता सुई दिली," महादेवप्पा म्हणाले.

"त्या दिवशी मी तुमच्या दारात आले तवा टायगर नव्हता, आप्पा," उज्वला म्हणाली. "शेतावर गेलाय म्हणाले घरचे."

गुंडप्पानं तेच उपरणं पुढं केलं. महादेवप्पांना ते घ्यावं लागलं. त्यांनी वाकून टायगरच्या कपाळावरून ते फिरवलं आणि उपरण्याकडं बघितलं. त्यावर ताजा निळा पट्टा उठला होता.

"हे घरात कुणी केलं?"

बायकांतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "म्या. तुम्ही टेम्पो आणणार म्हणलात, म्हणून म्या रंग आणला."

मग जे हसू फुटलं ते बैलांच्या गोठ्यापर्यंत ऐकू गेलं. महादेवप्पांचंही पोट हलायला लागलं. डोळे पुसताना त्यांनी निळं उपरणं वापरलं आणि त्यांच्या गालावरही रेघ उठली, तेव्हा संगप्पा म्हणाला, "आता आप्पा बी धरा मोजणीत. एकूण अडुसष्ट निळी."

हसणं ओसरल्यावर महादेवप्पांनी विचारलं, "बाकीची खोटी कशी वळखायची गं? कलेक्टरला कोण पुसणार?"

"कलेक्टरला पुसायची गरज न्हाई," उज्वला म्हणाली. ह्याचा विचार तिनं दुपारीच करून ठेवला होता. "ज्याला हात लावता येतो त्यालाच नीळ लावता येती. कलेक्टरला घरातली नीळ लावाया कोण जाणार? गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांच्या रेघा खऱ्याच. फक्त दावणीची, घरची पुसायची. आन् त्यांना धराया जाळी बी लागत न्हाई. ज्यानं नीळ लावली त्यानंच धरून आणायचं."

महादेवप्पांनी उपरणं गुंडप्पाच्या हातात दिलं. "उद्या येतील का त्या बाई?"

उज्वलानं तिथंच फोन लावला. जाहिदांनी सगळं ऐकून घेतलं. मध्येच पलीकडून काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. बहुतेक त्या हसत होत्या. "निळीचं माझ्या डोक्यातच आलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि आखाड्यांचंही. येते उद्या. पण मोजणी पुन्हा करायची. आणि ह्या वेळी मीही मोजणार. तुमचं कुत्रं आहे त्यात."

"मी तेच म्हणणार होते," उज्वला म्हणाली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, औत धरत नाहीत, म्हणून माणसं मोकळी होती. जीप पारापाशी थांबली तेव्हा तिथं आधीच रांग होती. कुणाची कुत्री दोरीनं, कुणाची साखळीनं, एक तर चक्क कडेवर. पार्वतीबाईनं आपल्या कुत्र्याच्या गळ्यात बैलाचा उरलेला गोंडा बांधला होता. ते पाहून संगप्पानं आपल्या कुत्र्याच्या कपाळाला बाशिंग लावलं. ते कुत्र्यानं लगेच पंजानं ओढून काढलं आणि खाल्लं.

जिलानीभाई जाळी खांद्यावर टाकून उभे राहिले. "आज मला काही कामच न्हाई. बारात बघायला आलोय समजा." साखराबाईनं त्यांच्या हातात पुरणपोळी दिली. ते म्हणाले, "मावशी, असं दर खेपेला सण धरून बोलवत जावा. विजार मी आपली घरून आणतो."

आधी ओलं फडकं, मग सुई, मग लाल कांडीची रेघ, कारण निळ्यावर आता कुणाचाच भरवसा नव्हता. फडकं निळं झालं की रांगेतली पोरं ओरडायची. दोन फडकी निळी झालीच नाहीत, ती कुत्री खरी होती, त्यांना नुसती लाल रेघ मारली. त्यांच्या मालकांचं तोंड असं झालं की जणू त्यांनाच बक्षीस मिळालं. सुंद्रीला भुजंगनं मांडीवर दाबून धरलं. सुई जाताना तिनं त्याच्या मनगटाला दात लावले, चावली मात्र नाही. तो तिला काहीतरी हळू बोलत होता. उज्वलानं रेघ मारली. आज तिनं स्वतः मारली.

महादेवप्पा टायगरला घेऊन शेवटी आले. टायगर पारावर चढेना. चौघांनी ढकलला. सुई घेताना तो असा केकाटला की फाट्यावरून एसटीतली माणसं वाकून बघायला लागली.

"सरपंचाच्या कुत्र्याला शोभत न्हाई हे," महादेवप्पांची बायको म्हणाली.

"मालकावर गेलंय," पार्वतीबाई म्हणाली.

सांजेपर्यंत चौदा सुया झाल्या. पाच कुत्री आलीच नाहीत. ती पहाटेच आपल्या माणसांबरोबर लांबच्या शेतांकडं निघून गेली होती. जाहिदांनी रिकाम्या कुप्या मोजून पिशवीत टाकल्या. "बासष्ट," त्या म्हणाल्या. "ह्यावर मी काहीच बोलणार नाही. मोजल्यावर बोलू."

त्या रात्री जाहिदा साखराबाईकडंच राहिल्या. जेवताना भुजंगनं त्यांना विचारलं, "आकडा कमी आला तर?"

"तर पुन्हा येऊ, पुन्हा देऊ, पुन्हा मोजू," त्या म्हणाल्या. "सरपंचांना मी सांगेन."

"आप्पा ऐकत्याल?"

"टायगरला अजून एकदा वर्षानं सुई लागते. मला बोलवावंच लागणार."

भुजंगला हे पटलं. तो आखाड्यावर झोपायला गेला तेव्हा शीळ घालत होता. त्याला शीळ येते हे उज्वलाला माहीत नव्हतं.

उजाडायच्या आधी दोघी निघाल्या. उज्वलानं सदरा जाहिदांना दिला आणि स्वतः परकराच्या ओच्यात चिंचोके घेतले. एकमेकींशी बोलायचं नाही, कुत्र्याकडं बोट दाखवायचं नाही, घरच्या कुत्र्याची फक्त लाल रेघ धरायची, शेवटी दोन्ही आकडे जुळवायचे, असं ठरलं होतं. आधी वरची गल्ली. मग टाकी. कलेक्टर गुंडप्पाच्या दारात बसला होता, निळ्या दोन रेघांसकट. मग शाळा. फाट्यावर संगप्पानं तोंडावर बोट ठेवलं आणि न विचारता दोन चहा पुढं केले.

तिथून त्या शिवारात शिरल्या. ह्या वेळी आखाडे सोडायचे नव्हते. सोयाबीनला शेंगा धरल्या होत्या आणि दव एवढं होतं की जाहिदांच्या सलवारीचे पाय गुडघ्यापर्यंत भिजले. दर आखाड्यापाशी भुंकणं उठायचं, दोघी थांबायच्या, बघायच्या, चिंचोका हलवायच्या आणि पुढं जायच्या. दूरच्या एका बांधावर बिनखुणेची दोन कुत्री उभी होती. ती पोळ्यालाही आली नव्हती. उज्वलानं दोन चिंचोके दुसरीकडं टाकले.

शेवटचा आखाडा त्यांचाच होता. भुजंग बैलांना कडबा टाकत होता. सुंद्री भुईमुगाच्या बांधावर उभी राहून ओळखीचं भुंकली आणि शेपूट हलवत आली. तिच्या कपाळावरची लाल रेघ दवानं ओली झाली होती, पण फिकी झाली नव्हती.

"झालं?" भुजंगनं विचारलं.

"ही शेवटची," उज्वला म्हणाली.

तिथंच बाजेवर घोंगडं टाकून दोघींनी चिंचोके ओतले. जाहिदांनी आपले मोजले, उज्वलानं आपले. भुजंग कडब्याची पेंढी हातात तशीच धरून उभा राहिला. मग दोघींनी ढीग बदलून पुन्हा मोजले. दोन्ही आकडे जुळले.

दिसलेली कुत्री एकोणऐंशी. खुणेची अठ्ठावन्न. शंभरात त्र्याहत्तर.